बेस गिटार घेताना, जुळवताना आणि सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढचे प्रश्न गेली अनेक वर्षे नवे-जुने बेसवादक मला विचारत आले आहेत आणि त्यांतले बरेचसे मीही कधीकाळी इतरांना विचारले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तरे चार तारांचा (जाडपासून बारीकपर्यंत ‘ई’, ‘ए’, ‘डी’, ‘जी’), ३४ इंची स्केलचा, म्हणजे तारेचा कंप पावणारा भाग तेवढा लांब असलेला, आणि फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, असलेला नेहमीचा बेस समोर ठेवून लिहिली आहेत. या सगळ्या उत्तरांमागे माझे एक ठाम मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. मध्यम किमतीचा पण नीट जुळवलेला, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि स्वर नेमके लावलेला बेस हा महागड्या पण दुर्लक्षित बेसपेक्षा चांगला वाजतो, आणि आपल्याकडच्या हवेत ही जुळवणी एकदा करून संपत नाही.

पहिल्या बेसवर किती खर्च करावा?

आकडा सांगण्यापेक्षा वाटणी सांगतो, कारण किमती दरवर्षी बदलतात. जेवढे पैसे बाजूला काढले असतील ते सगळे वाद्यावर घालू नयेत. त्यांतून छोटा बेस ॲम्प किंवा हेडफोनचा ॲम्प, चांगली केबल, रुंद पट्टा, ट्यूनर, तारांचा एक जादा संच आणि पहिल्या जुळवणीची मजुरी एवढे निघाले पाहिजे. साधारण एक तृतीयांश रक्कम या गोष्टींसाठी राखून ठेवावी, असे मी सुचवतो. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर या कंपन्यांचे सुरुवातीच्या पातळीचे बेस आज इतके बरे बनतात की त्यांवर शिकणाऱ्याचे काहीही अडत नाही. अडते ते कारखान्यातून निघून समुद्रमार्गे येऊन, गोदामात महिनोन् महिने पडून राहिलेल्या वाद्याची जुळवणी कोणी केलेली नसते म्हणून. पट्ट्यावर मात्र कंजुषी करू नये. बेसचे वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असते आणि दोन तास उभे राहून वाजवल्यावर अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

दुकानात गेल्यावर नेमके काय तपासावे?

आधी वाद्य न जोडताच वाजवावे. नेकच्या (फ्रेट असलेल्या लांब दांडीच्या) टोकाकडून ब्रिजकडे (धडावर तारा जेथे अडकवतात त्या भागाकडे) एका डोळ्याने पाहावे. नेकला किंचित बाक असणे योग्य आहे, पण तो पिळवटलेला असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली दिसत असेल, तर ते वाद्य परत ठेवावे. तो दोष साध्या जुळवणीने जात नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवावी. होय, चार तारा आणि वीस-बावीस फ्रेट म्हणजे ऐंशीहून अधिक स्वर होतात, आणि दुकानदार कंटाळला तरी ते सगळे वाजवावेत. मुंबईत धोबी तलावापासून वांद्र्यापर्यंतच्या वाद्यांच्या दुकानांतून असा वेळ घेणारे गिऱ्हाईक नवे नाही.

सर्वांत बारीक ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो का, ते मुद्दाम ऐकावे. लांब, स्क्रूने बसवलेल्या नेकच्या बेसमध्ये त्या जागी असा मृत स्वर अनेकदा सापडतो. नेकचे स्वतःचे कंपन त्या स्वराची ऊर्जा शोषून घेते, म्हणून तार लवकर शांत होते. तो थोडा असेल तर चालवून घेता येतो, पण एकाच मॉडेलचे दोन नग समोर असतील तर कमी विझणारा घ्यावा. नंतर ॲम्पला जोडून आवाजाच्या सगळ्या बटनांची फिरवाफिरव करावी आणि केबलचे टोक जॅकमध्ये हलवून पाहावे. शेवटी पट्टा लावून उभे राहावे. हात सोडल्यावर नेक जमिनीकडे कलत असेल, तर डाव्या हाताला तो आयुष्यभर तोलावा लागणार आहे.

चार तारांचा घ्यावा की पाच तारांचा?

चार तारांचा. मंद्रातली बी तार हवी असण्याचे ठोस कारण असेल, उदाहरणार्थ चर्चमधील गायन, हेवी मेटल किंवा सिंथेसायझरच्या खर्जाशी जुळवून वाजवायची आधुनिक गाणी, तर पाच तारांचा घ्यावा. त्या बी तारेची कंपनसंख्या सुमारे ३१ हर्ट्झ आणि ई तारेची सुमारे ४१ हर्ट्झ. इतका खालचा स्वर स्वच्छ ऐकवणारा स्पीकर घरी क्वचितच असतो.

माझा हात लहान आहे किंवा मुलगी अकरा वर्षांची आहे. बेस झेपेल का?

झेपेल, आणि त्यासाठी ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केलचा बेस पाहावा. नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची बेसवर सुमारे १७८ मिलिमीटर भरते, तर ३० इंचीवर सुमारे १५७. बोटांना हा दोन सेंटीमीटरचा फरक फार मोठा असतो. शॉर्ट स्केल म्हणजे मुलांचे खेळणे, हा समज चुकीचा आहे. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस शॉर्ट स्केलचाच होता. एक काळजी मात्र घ्यावी. तीच जाडीची तार, तोच स्वर आणि लांबी कमी, म्हणजे ताण कमी. ३४ वरून ३० इंचांवर येताना तो जवळजवळ २२ टक्क्यांनी उतरतो, म्हणून या बेसवर त्याच्यासाठी बनवलेल्या, जराशा जाड तारा लावाव्यात.

प्रिसिजन आणि जॅझ या दोन प्रकारांत फरक काय? कोणता चांगला?

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्या डबल बेसवर स्वराची जागा कानाने शोधावी लागे, येथे फ्रेटमुळे ती नेमकी मिळू लागली आणि नावही त्यावरूनच पडले. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, मिळाला. ते दोन तुकडे अशा रीतीने जोडलेले असतात की तारांचा आवाज एकत्र होतो आणि विजेची घुंई एकमेकांत विरते. जॅझ बेस १९६० मध्ये आला. त्याचा नेक नटपाशी अरुंद, सुमारे ३८ मिलिमीटर असतो, आणि त्याला दोन वेगळे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप असतात. त्यांतला एकच चालू ठेवला तर घुंई ऐकू येते, दोन्ही सारख्या प्रमाणात उघडले की ती जाते. अनेक जण जॅझ बेस घरी आणून दुसऱ्याच दिवशी पिकअप बिघडल्याची तक्रार करतात. तो बिघाड नसून त्या रचनेचा स्वभाव आहे.

गाण्याच्या गर्दीत घट्ट बसणारा, मधल्या पट्टीचा भरीव आवाज हवा असेल तर प्रिसिजन, आणि ब्रिजजवळच्या पिकअपचा धारदारपणा हवा असेल तर जॅझ. मला स्वतःला प्रिसिजन आवडतो, कारण त्यात निवडायला फारसे काही नसते आणि वादक मुकाट्याने वाजवत बसतो.

ॲक्टिव्ह बेसची बॅटरी महिन्याभरात का संपते?

बहुधा वाजवून झाल्यावर केबल बेसमध्येच अडकवलेली राहते म्हणून. ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प (वाद्यातच संकेत वाढवणारा भाग) असतो आणि बहुतेक बेसमध्ये त्याचा स्विच जॅकमध्येच असतो. केबल घातली की तो चालू होतो, काढली की बंद. रोज केबल काढली तर बॅटरी कित्येक महिने टिकते. आवाज फाटल्यासारखा येऊ लागला की आधी बॅटरी बदलावी आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जावे. महिनाभर वाजवायचे नसेल तर बॅटरी काढून ठेवावी, कारण पाझरलेली बॅटरी आतली जोडणी खाऊन टाकते.

पावसाळ्यात तारा अचानक खरखरू लागतात. फ्रेट घासून घ्यावेत का?

नाही. आधी नेकचा बाक मोजावा. या प्रश्नाचे उत्तर मी जरा विस्ताराने देतो, कारण येथे केलेली चूक परत फिरवता येत नाही.

माझ्या पहिल्या बेसचा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली पट्टी, शिसवी होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पहिल्या पाच फ्रेटवर चारही तारा खरखरू लागल्या. मी तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पट्टी न लावता, काहीही न मोजता, दोन दिवसांत फ्रेट घासून दिले. खरखर गेली आणि मला त्या कारागिराचे कौतुक वाटले. दिवाळी सरली, हवा कोरडी झाली, नेक आपल्या मूळ बाकावर परत आला, आणि तेव्हा कळले की पहिले पाच फ्रेट बाकीच्यांपेक्षा ठेंगणे झाले आहेत. दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली तार आता थेट सहाव्या फ्रेटवर आपटत होती. शेवटी ते फ्रेट काढून नवे बसवावे लागले आणि त्याचा खर्च बेसच्या किमतीच्या जवळपास निम्मा झाला.

झाले होते ते इतकेच. चार तारा मिळून नेकवर सुमारे ७० ते ८० किलोंचा ताण देतात आणि नेकच्या आत बसवलेला लोखंडी ट्रस रॉड त्या ताणाला विरोध करतो. लाकूड हवेतील ओल पिते. नेकच्या पाठीवर रोगण असते, पण शिसवी फिंगरबोर्ड बहुधा उघडा असतो, त्यामुळे तो पाठीपेक्षा लवकर फुगतो आणि नेक सरळ होत जातो, कधी मागेही झुकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, मग हे होणारच. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला असता तर माझे काम पाच मिनिटांत झाले असते.

विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत उलटे घडते. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मंडळींना हाच अनुभव हिवाळ्यात घर तापवल्यावर येतो. खोलीतील आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राहिली तर वाद्य सुखी असते. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र फार महाग नसते आणि माझ्या मते ते प्रत्येक वाद्याच्या पिशवीत असावे.

नेकचा बाक आणि तारांची उंची घरी कशी मोजावी?

तारा नेहमीच्या स्वरात लावलेल्या असाव्यात, सैल नव्हेत. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) किंवा डाव्या हाताने दाबावी आणि उजव्या हाताने जेथे नेक धडाला मिळतो त्या शेवटच्या फ्रेटवर दाबावी. आता ही तार म्हणजेच सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते पाहावे. सुमारे ०.३ मिलिमीटर असेल तर ठीक. गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज मिळाले तर उत्तम, नाहीतर साधे व्हिजिटिंग कार्डही जवळपास तेवढ्या जाडीचे असते. कार्ड तारेला न हलवता, किंचित घासत आत गेले पाहिजे.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळावा, कमी असेल तर उलट दिशेने सैल करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. आवळण्यापूर्वी तारा थोड्या उतरवाव्यात, फिरवल्यावर पुन्हा स्वरात लावाव्यात, शक्य तर एक रात्र जाऊ द्यावी आणि मग परत मोजावे. ॲलन की नेमक्या मापाचीच घ्यावी. इंची मापाच्या जागी मिलिमीटरची, जवळपास बसणारी की घातली तर ट्रस रॉडच्या टोकावरच्या नटचे कोपरे झिजतात आणि मग तो कोणालाच फिरवता येत नाही. रॉड अडला आहे असे वाटले तर तेथेच थांबून जाणकाराकडे जावे.

बाक झाला की मगच उंचीकडे वळावे. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचे अंतर ई तारेला सुमारे २.४ आणि जी तारेला सुमारे २ मिलिमीटर, ही फेंडर कंपनीची रूढ मापे सुरुवातीला धरावीत. ती ब्रिजवरच्या सॅडलच्या (तार ज्यावर टेकते त्या तुकड्याच्या) बारीक स्क्रूंनी साधतात. हात हलका असेल तर तारा याहून खाली आणता येतात, जोरात वाजवणाऱ्याने थोड्या वर ठेवाव्यात.

शेवटी स्वराचा नेमकेपणा तपासावा. बाराव्या फ्रेटवर दाबून काढलेला स्वर मोकळ्या तारेच्या नेमक्या वरच्या सप्तकातला यायला हवा. तो चढा येत असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर सरकवावे, उतरलेला येत असेल तर पुढे. मोकळी तार सुरात असूनही वरच्या फ्रेटवर कणसूर लागत असेल तर कारण बहुधा हेच असते, किंवा तारा फार जुन्या झालेल्या असतात. म्हणून हे काम नव्या तारांवरच करावे.

क्रम कधीही बदलू नये: आधी बाक, मग उंची, मग स्वर.

खरखर नेमकी कशामुळे आहे, हे कसे ओळखावे?

ती कोठे होते यावरून. नुसती मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ झाला आहे. बाराव्याच्या पुढे असेल तर तारा खाली आहेत. एकाच जागी, एकाच तारेवर असेल तर पुढचा फ्रेट उचलला गेला आहे आणि तेवढ्यापुरतेच कारागिराचे काम आहे. ॲम्पमधून ऐकू येत नसेल, फक्त कानाशी येत असेल, तर खुशाल दुर्लक्ष करावे.

तारा किती दिवसांनी बदलाव्यात आणि कोणत्या घ्याव्यात?

हे तारांच्या प्रकारावर आणि हाताच्या घामावर ठरते. राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या वेटोळ्यांच्या तारा, नव्या असताना पियानोसारख्या खणखणीत वाजतात. वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि मळ साचला की त्या मंदावतात. रोज तासभर वाजवणाऱ्याच्या हातात, दमट हवेत, दोन-तीन महिन्यांत हा फरक कानाला कळतो. फ्लॅटवाउंड तारांचा बाहेरचा पृष्ठभाग चपटा आणि गुळगुळीत असतो, मळ साचायला जागाच नसते, आणि त्या वर्षानुवर्षे चालतात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवत. त्यांच्यासारखा आवाज हवा असणाऱ्याने आधी तारा बदलाव्यात, पिकअप नंतर.

जाडी निवडताना जी तारेपासून ई तारेपर्यंत ४५, ६५, ८५, १०५ हा संच नेहमीचा आहे. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो, म्हणजे वर सांगितलेली सगळी मोजमापे पुन्हा करावी लागतात. स्टेनलेस स्टीलच्या तारा जास्त चकचकीत वाजतात, पण फ्रेट लवकर झिजवतात.

तार बसवताना एक चूक फार जण करतात. आधी कापतात आणि मग वाकवतात. तार खुंटीच्या पुढे साधारण दोन खुंट्यांच्या अंतराएवढी राखावी, आधी काटकोनात वाकवावी आणि वाकलेल्या जागेच्या पलीकडेच कापावी. नाहीतर आतल्या गाभ्यावरचे वेटोळे सैल होते आणि ती तार नवी असूनही मेल्यासारखी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून वेढे वरून खाली यावेत, म्हणजे तार नटवर घट्ट दाबून बसते.

तारा उकळल्याने खरेच नव्या होतात का?

काही दिवसांपुरत्या होतात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्याने वेटोळ्यांतला मळ सुटतो. मग त्या पूर्ण कोरड्या कराव्यात, नाहीतर गंज धरतात. पुन्हा पुन्हा काढल्या-घातल्याने वाकलेल्या जागी तार तुटू शकते. नवा संच परवडत नसेल तेव्हा हा मार्ग आहे, नेहमीचा नाही. फ्लॅटवाउंड तारा उकळू नयेत, त्यांत मिळवण्यासारखे काही नसते.

फिंगरबोर्डला कोणते तेल लावावे?

उघड्या शिसवी किंवा आबनुसी लाकडाला वर्षातून एक-दोनदा फिंगरबोर्डसाठी मिळणारे लिंबाचे तेल थेंबभर लावून लगेच पुसावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे दुसरे कोणतेही तेल लावू नये, ते खवट होते आणि मळ धरते. मेपलच्या, वर रोगण असलेल्या फिंगरबोर्डला तेल लागत नाही, ओलसर फडके पुरे. तारा मात्र प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, खालूनही.

तारांना हात लावला की ॲम्पची घुंई थांबते. हे ठीक आहे का? आणि ओठांना माइकचा झटका बसतो तो कशाने?

पहिली गोष्ट नेहमीची आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, आणि हात लावल्याने आपले शरीर पकडत असलेली विजेची गडबड कमी होते. दुसरी गोष्ट जीवघेणी आहे. ती जाणवली तर त्या क्षणी वाजवणे थांबवावे.

ॲम्पला नीट अर्थ मिळालेले नसेल आणि आत काही दोष असेल, तर वीज केबलमधून तारांवर येते. माइक दुसऱ्या जोडणीवरून अर्थला लागलेला असतो. बोटे तारांवर आणि ओठ माइकवर, म्हणजे मधला रस्ता आपले शरीर. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी अर्थ न मिळालेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावले. आपल्याकडे उत्सवांच्या मांडवांत आणि मोकळ्या मैदानांवर तात्पुरत्या वायरिंगवर वाजवावे लागते, म्हणून हे उत्तर मी हात जोडून वाचायला सांगतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नये, दोन पिनांचा जोड लावून ती टाळू नये, घुंई जात असली तरीही. घुंई घालवायची असेल तर डीआय बॉक्सवर (वाद्याचा संकेत थेट ध्वनियंत्रणेला देणाऱ्या डबीवर) त्यासाठी वेगळा स्विच असतो. वाजवण्याआधी सॉकेट तपासून घ्यावे, आणि आयोजकांकडे ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखून वीज तोडणारा स्विच आहे का, हे संकोच न करता विचारावे.

भावाचा गिटार ॲम्प घरी आहे. त्यावर बेस वाजवला तर चालेल का?

अगदी हळू आवाजात चालेल. खालच्या स्वरांना स्पीकरचा पडदा फार लांब मागेपुढे जावा लागतो, गिटारचा स्पीकर त्यासाठी बनलेला नसतो आणि आवाज वाढवला की तो फाटतो. वेगळे डोके (आवाज वाढवणारा भाग) आणि वेगळी स्पीकरची पेटी असलेल्या ॲम्पला स्पीकरचीच केबल लावावी, वाद्याची नव्हे. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, हेही लक्षात ठेवावे.

अमेरिकेतून नातेवाइकाने ॲम्प आणला आहे. लावू का?

आधी मागची पट्टी वाचावी. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो क्षणात जळेल. पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. १०० ते २४० असे लिहिले असेल तर फक्त प्लग बदलावा. बेसला स्वतःला याची काहीच बाधा नाही.

घरी एक-दोन स्वर भिंती हादरवतात आणि बाकीचे ऐकूच येत नाहीत. बेस खराब आहे का?

बेस नाही, खोली. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा नाद समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये नेमका बसतो आणि फुगतो. ई तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा स्वर ४६ हर्ट्झच्या जवळ आहे, म्हणून तेथेच खोली घुमू लागते. ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दूर, खुर्चीवर ठेवावा, आणि ॲम्पवरचा खर्ज कमी करून मधली पट्टी वाढवावी. शेजारीही त्यामुळे समाधानी राहतात.

मोबाइलवर गाणी ऐकून बेस बसवू पाहणाऱ्यांचे दुखणे याच्या उलट असते. त्या छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाहीत, वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर ताडतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस ऐकायचा असेल तर हेडफोन लावून ऐकावा. ओळखीच्या गाण्याखाली केवढी हालचाल चालली आहे ते तेव्हा कळते.

लाकडाने आवाज बदलतो का? यावर एवढे वाद का होतात?

वाद होतात कारण प्रत्येकाने काहीतरी ऐकलेले असते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून कोणी ऐकलेले नसते. माझे मत असे की विजेच्या बेसमध्ये बोटे कोठे आणि कशी पडतात, तारा कोणत्या व किती जुन्या, पिकअप कोठे बसवला आहे आणि जुळवणी कशी आहे, या चार गोष्टी धडाच्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त बोलतात. लाकडाने वजन ठरते, तोल ठरतो, नेक हवेला किती स्थिर राहतो हे ठरते. एवढे महत्त्व त्याला पुरेसे आहे. शिसवीविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. त्या जातीच्या सर्व झाडांवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि वाद्ये परदेशी नेणे-आणणे कागदपत्रांचे काम झाले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या, म्हणून त्या वर्षांतल्या बेसवर वेगळे फिंगरबोर्ड दिसतात. ते कमी प्रतीचे आहेत असे समजू नये.

फ्रेटलेस बेसचा तो गुंजणारा आवाज कोठून येतो?

तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे त्याला हे चटकन समजेल. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित उतरत्या माथ्याला हलकेच चाटत कंप पावते आणि तिचे उपस्वर फुलतात. फ्रेटलेस बेसवर फ्रेटची टोकदार कड नसते, बोटापुढचा फिंगरबोर्ड तारेला असाच चाटत राहतो. म्हणून येथे नेक जवळजवळ सरळ आणि तारा खाली ठेवतात. फ्रेटच्या बेसवर जी खरखर आपण घालवतो, तिचीच येथे बारकाईने जोपासना करायची असते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला जवारी काढताना पाहिले आहे. तो दर दोन-चार घासांनंतर थांबतो, तार छेडतो, ऐकतो आणि मगच पुन्हा हात लावतो. फ्रेटलेसच्या जुळवणीला मी तेव्हापासून तेवढाच वेळ देतो.

अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या जॅझ बेसचे फ्रेट काढून लाकडावर एपॉक्सीचा कठीण थर चढवला, तो राउंडवाउंड तारांनी फिंगरबोर्ड खरवडला जाऊ नये म्हणून. उघड्या लाकडाच्या फ्रेटलेसवर फ्लॅटवाउंड तारा लावाव्यात.

जुना बेस विकत घेताना सर्वांत आधी काय पाहावे?

ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का. विकणाऱ्याने ते करू दिले नाही तर व्यवहार सोडावा. नंतर पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली पडलेल्या खाचा, किनारपट्टीवरचा बेस असेल तर सॅडलच्या स्क्रूंना चढलेला गंज, आणि वाद्यावरचा क्रमांक खोडला आहे का.

एखाद्याला सल्ला विचारताना काय सांगावे?

बेसचे मॉडेल, तारांचा प्रकार आणि जाडी, कोणती तार, कितवा फ्रेट, ॲम्पला जोडल्यावर की न जोडता, आणि शेवटची जुळवणी कोणत्या महिन्यात झाली. “आवाज बरोबर येत नाही” एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. “ए तार, तिसरा फ्रेट, ॲम्पमधूनही खरखर, जूनपासून” असे सांगितले की निम्मे निदान विचारणाऱ्यानेच केलेले असते. सल्ला देणाऱ्यांनीही समोरच्याने मोजले आहे का, हे आधी विचारावे आणि वाद्य बदलायला सर्वांत शेवटी सांगावे.

बेसचा क्रमांक नोंदवून ठेवण्याचा खरेच उपयोग होतो का?

होतो. क्रमांक, खरेदीची पावती आणि अंगावरच्या ओरखड्यांचे, लाकडाच्या रेषांचे जवळून घेतलेले फोटो एकत्र ठेवावेत. वर उल्लेखलेला मॅकार्टनी यांचा हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. पन्नास वर्षांनंतरही हेच ते वाद्य, असे खात्रीने सांगता आले ते त्याच्या बारीकसारीक खुणांमुळेच.

दोन महिने गावाला जायचे आहे. बेस कसा ठेवावा?

तारा पूर्ण सैल करू नयेत. ट्रस रॉडला विरोध करणारा ताणच गेला तर नेक मागे वाकतो. एखादा स्वर उतरवून ठेवणे पुरे. बॅटरी काढावी, तारा पुसाव्यात, पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात आणि बेस बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आतल्या खोलीत कपाटाशेजारी उभा ठेवावा. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल सोडते आणि ती थेट नेकमध्ये जाते. परत आल्यावर आधी स्वरात लावून एक दिवस तसाच राहू द्यावा, आणि मग ते व्हिजिटिंग कार्ड आठव्या फ्रेटपाशी तारेखाली सरकवून पाहावे.